छपराखालची कैची : पार्क काउंटीचे पूल दीडशे वर्षे कसे टिकले

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. गेल्या ऑक्टोबरात आपण शिकागोहून इंडियाना राज्यातील पार्क काउंटीत जाऊन आलात, दोन दिवसांत अकरा छपराचे पूल पाहिलेत आणि परतल्यावर तीन शंका उरल्या. पुलाला छप्पर घालण्याचे खरे कारण काय. शंभर-दीडशे वर्षांचे लाकूड आजही मोटारींचा भार कसे पेलते. आणि ब्रिजटनचा पूल २००५ मध्ये जळून पुन्हा बांधलेला असताना त्याला ऐतिहासिक म्हणावे का? लाकडी बांधकामांची तपासणी आणि दुरुस्ती हाच गेली सव्वीस वर्षे माझा व्यवसाय असून त्यातला मोठा काळ अमेरिकेच्या मध्यपश्चिमेतील जुन्या पुलांच्या खाली आणि आत गेला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तिन्ही शंकांचे मूळ एकच आहे, आणि पहिलीचे उत्तर नीट समजले की उरलेल्या दोन सोप्या होतात.

आधी जागेविषयी थोडे. पार्क काउंटी हा इंडियानाच्या पश्चिमेकडचा शेतीचा मुलूख आहे. रॉकव्हिल हे तिचे मुख्य गाव, आणि सगळ्या काउंटीची वस्ती २०२० च्या जनगणनेत जेमतेम १६,००० होती. शुगर क्रीक आणि बिग रॅकून क्रीक हे दोन मोठे प्रवाह तिच्यातून वाहत जाऊन वॉबाश नदीला मिळतात. येथे ‘क्रीक’ म्हणजे आपल्याकडची भरती-ओहोटीची खाडी नव्हे. ओढ्याहून मोठा आणि नदीहून लहान असा तो गोड्या पाण्याचा प्रवाह असतो, उन्हाळ्यात गुडघाभर आणि वसंतातल्या पुरात घोड्यासकट गाडी वाहून नेणारा. या भागात रस्ता कुठूनही काढला तरी पाणी आडवे येते, म्हणूनच एवढ्या लहान काउंटीत आजही छपराचे ३१ पूल उभे आहेत. त्यांतल्या बहुतेकांची नोंद १९७८ साली राष्ट्रीय ऐतिहासिक नोंदवहीत एकत्रितपणे झाली. आपण गेलात तो दहा दिवसांचा उत्सव १९५७ पासून दर ऑक्टोबरात भरतो.

आता छपराकडे वळू. उत्सवात आपल्याला याची अनेक कारणे ऐकवली गेली असतील : घोडे पाणी पाहून बुजतात, तेव्हा त्यांना गोठ्यात शिरल्यासारखे वाटावे; वाटसरूंना पावसात आडोसा मिळावा; बर्फ रस्त्यावर साचू नये. यातले पहिले कारण ऐकायला गोड आहे आणि दुसरा तर फायदा आहेच, परंतु यांपैकी कोणत्याही कारणासाठी काउंटीच्या तिजोरीतून एवढ्या लाकडाचा आणि मजुरीचा खर्च कोणी केला नसता. बर्फाचे कारण तर उलटेच आहे. न्यू इंग्लंडकडे, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्येकडच्या राज्यांत, हिवाळ्यात घसरगाड्या चालत, तेव्हा त्या अडू नयेत म्हणून माणसे नेमून पुलाच्या आत मुद्दाम बर्फ पसरावा लागे.

छप्पर वाटसरूंसाठी नाही, ते पुलासाठी आहे; अधिक नेमके बोलायचे तर पुलाच्या दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या लाकडी कैच्यांसाठी आहे. घराच्या छपराखाली जशी कैची असते तशीच, पण दोनशे फूट लांब आणि दोन पुरुष उंच अशी एकेक कैची पुलाच्या डाव्या-उजव्या अंगाला असते, आणि सगळा भार त्या दोघी वाहतात. मधली जमीन म्हणजे त्यांना टांगलेला मार्ग. या कैचीत शेकडो सांधे असतात, आणि लाकडाचा जीव सांध्यात असतो. उघड्यावरच्या लाकडाच्या सपाट अंगावर पडलेले पाणी निथळून जाते, पण सांध्याच्या खाचेत शिरलेले पाणी आठवडेच्या आठवडे बसून राहते, आणि लाकडाच्या कापलेल्या टोकाकडून ते रेषांच्या वाटेने आत शोषले जाते. लाकडातला ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आत राहिला तर कुजवणारी बुरशी त्यात वाढू शकत नाही. तो २५-३० टक्क्यांच्या घरात गेला आणि तिथेच राहिला की तिचे काम सुरू होते. छप्पर आणि बाजूच्या फळ्या शाबूत असतील तर आतल्या कैचीतला ओलावा वर्षभर साधारण १२ ते १६ टक्क्यांच्या दरम्यान राहतो. पुलाच्या दीर्घायुष्याचे सगळे गणित या दोन आकड्यांमधल्या फरकात आहे. त्याच जातीचे लाकूड, त्याच सुताराच्या हातचे, उघड्यावर ठेवले तर दहा-पंधरा वर्षांत मोडीत निघते.

मी कोकणातला असल्यामुळे हे मला पुस्तकातून शिकावे लागले नाही. पावसाळ्याच्या तोंडावर घराच्या उघड्या अंगाला बांधलेल्या झावळ्यांच्या झडी, भिंतीपासून दोन-दोन हात पुढे काढलेली वळचण आणि दर पावसाळ्यानंतर नव्याने घालावे लागणारे ओढ्यावरचे लाकडी साकव हे सगळे लहानपणी पाहिलेले होते. साकव दरवर्षी जायचा आणि दारातला सागवानी खांब आजोबांच्या आधीपासून उभा असायचा, कारण एकावर पाऊस पडायचा आणि दुसऱ्यावर पडत नसे.

अमेरिकेत ही गोष्ट पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर अमलात आली ती फिलाडेल्फियात. स्कूलकिल नदीवरचा टिमोथी पामर यांनी बांधलेला पूल १८०५ साली वाहतुकीला खुला झाला, आणि पूल बांधणाऱ्या कंपनीचे अध्यक्ष न्यायमूर्ती रिचर्ड पीटर्स यांच्या आग्रहावरून त्यावर छप्पर चढवले गेले. देशातला पहिला छपराचा पूल म्हणून त्याचीच गणना होते. त्यानंतर जिथे जिथे मोठे वृक्ष मुबलक आणि लोखंड महाग होते, तिथे तिथे हीच पद्धत रूढ झाली. आज लाकडात दाबाखाली रसायन भरून ते टिकवता येते. १८६० च्या पार्क काउंटीतल्या सुताराच्या हाती असे काही नव्हते, त्याच्यापुढे लाकूड कोरडे ठेवणे हा एकच इलाज होता. म्हणून छपराची लाकडी कौले आणि बाजूच्या फळ्या हे भाग त्याने झिजण्यासाठीच ठेवले. ते दर पाव-अर्ध्या शतकाने बदलावेत आणि आतली कैची मात्र कोणालाही हात लावावा लागू नये, असा तो हिशेब होता.

आता दुसरी शंका : हे लाकूड भार कसे पेलते. पार्क काउंटीतले बहुतेक सगळे पूल एकाच घाटाचे आहेत. थिओडोर बर या पूलबांधकाने १८१७ मध्ये पेटंट घेतलेली ही रचना असून तिच्यात कैची आणि कमान एकमेकींना बांधून घातलेल्या असतात. कैचीला वर एक आणि खाली एक अशा लांब तुळया असतात आणि त्यांच्यामध्ये ठरावीक अंतराने उभे खांब असतात. दर दोन खांबांमध्ये एक तिरपा टेकू असतो, त्याचे डोके पुलाच्या मध्याकडे आणि पाय काठाकडे. पुलावरून गाडी गेली की तिचा भार खालच्या तुळईवाटे उभ्या खांबाला खाली ओढतो, खांबाच्या डोक्याला तिरपा टेकू धरून ठेवतो, टेकू तोच भार काठाच्या बाजूच्या पुढच्या खांबाच्या पायात ढकलतो, आणि असे एकाकडून दुसऱ्याकडे सोपवत भार काठावरच्या दगडी आधारापर्यंत पोहोचतो. म्हणजे दिसायला जो खांब आहे तो प्रत्यक्षात टेकलेला नसून टांगलेला आहे. विद्यार्थ्यांना पुलात नेले की मी हेच आधी दाखवतो, कारण डोळा आपल्याला नेमके उलटे सांगत असतो.

या कैचीच्या दोन्ही अंगांना खांबांना बोल्टांनी आवळून लाकडी कमानी बसवलेल्या असतात, आणि त्यांचे पाय खालच्या तुळईच्याही खाली जाऊन थेट दगडी आधारात रुततात. कमान एकटी असती तर स्वतःचे वजन तिने उत्तम वाहिले असते, परंतु एका बाजूने जड गाडी येऊ लागताच ती त्या बाजूला दबून दुसऱ्या बाजूला फुगली असती. कैची एकटी असती तर एवढ्या लांबीला ती कालांतराने मध्ये झुकली असती. दोघी मिळून एकमेकींची उणीव भरून काढतात. कैची कमानीचा आकार बिघडू देत नाही आणि कमान कैचीला झुकू देत नाही. भाराचा किती वाटा कोण उचलते, यावर अभियंत्यांचे एकमत नाही. माझा अनुभव असा की तो वाटा पुलाच्या वयाबरोबर बदलतो : सुरुवातीला कैचीचे सांधे घट्ट असतात तेव्हा ती जास्त उचलते, आणि पुढे सांधे दबले, लाकूड सुकून आकसले की भार हळूहळू कमानीकडे सरकतो. म्हणून जुन्या पुलात कमानीच्या पायाशी काय चालले आहे हे मी सर्वांत आधी पाहतो.

छपराचे वजन ओझे ठरत नाही का, असेही आपण विचारले आहे. ठरते, परंतु अशा पुलाचे स्वतःचे वजन एवढे असते की एक मोटार त्याच्या मानाने किरकोळ आहे, आणि हे स्थिर वजन कमानीला उलट उपकारक असते; चालत्या भाराने तिचा आकार जो हलू पाहतो त्याला ते दाबून धरते. पुलाच्या तोंडावर रंगवलेली ‘या पुलावरून घोडा चालवत न्या, दौडवू नका’ अशा अर्थाची सूचना आपण पाहिली असेल. तिच्याबद्दल बऱ्याच दंतकथा आहेत. तिच्यामागचे कारण साधे आहे : दौडत्या घोड्यांचे आणि उधळलेल्या गुरांचे धक्के सांध्यांना सैल करतात. पुलाची रुंदी आणि उंची ‘गवताने भरलेली गाडी जाईल एवढी’ धरण्याचा रिवाज होता, आणि त्या कृपेनेच आज लहान मोटारी त्यातून सुखाने जातात. ट्रक मात्र जात नाहीत, आणि उंचीची पाटी न वाचणारा एखादा चालक वर्षाकाठी कुठल्या ना कुठल्या पुलाचे तोंड फोडतोच.

बांधणाऱ्यांची दोन नावे आपण पुलांवर वाचलीत : जे. जे. डॅनियल्स आणि जे. ए. ब्रिटन. दोघांनाही ओळखायला पाटी वाचण्याची गरज नाही. पुलाच्या तोंडाची कड गोल कमानीसारखी असेल तर तो बहुधा डॅनियल्स यांचा, आणि वरचे दोन कोपरे सरळ तिरपे कापलेले असतील तर ब्रिटन यांचा. जोसेफ डॅनियल्स हे मूळ ओहायोतले, १८२६ साली जन्मलेले आणि वडिलांकडून हे काम शिकलेले. शुगर क्रीकवरचा १८६१ सालचा जॅक्सन पूल त्यांचा. मध्ये एकही खांब नसलेला त्याचा २०७ फुटांचा एकच गाळा पाहिला की मला आजही थक्क व्हायला होते. पाच एसटी गाड्या एकामागे एक उभ्या केल्या तरी जागा उरेल एवढे ते अंतर लाकडाने ओलांडले आहे, आणि त्यावरून अजून गाड्या जातात. बिग रॅकूनवरचा मॅन्सफील्डचा १८६७ चा पूल आणि शुगर क्रीकवरचा १८७६ चा वेस्ट युनियन पूल हेही त्यांचेच. वेस्ट युनियन ३१५ फूट लांब, दोन गाळ्यांचा, आणि माझ्या मते त्यांच्या कामाचा कळस. त्यात नंतरच्या काळात फार ढवळाढवळ झालेली नाही, म्हणून डॅनियल्स यांचा सांधा कसा होता हे पाहायचे तर तिथे जावे. २०१६ मध्ये त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला.

जोसेफ ब्रिटन हे त्यांच्याहून बारा वर्षांनी लहान. टर्की रन उद्यानातला १८८२ चा नॅरोज पूल, जिथे आपण मुलांसह नदीत उतरलात, हा त्यांच्या सुरुवातीच्या कामांपैकी एक आहे. त्याच उद्यानाच्या कडेचा कॉक्स फोर्ड पूल त्यांनी १९१३ मध्ये बांधला. त्याची हकीकत सांगण्याजोगी आहे. त्या वर्षीच्या मार्चमध्ये इंडियाना आणि ओहायोत जो महापूर आला, त्यात तिथला लोखंडी पूल वाहून गेला, आणि त्या जागी पुन्हा लाकडाचा छपराचा पूल उभा राहिला. लोखंड आले आणि लाकडी पूल संपले, असे सरसकट म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात घ्यावी. ओळखीचा कसबी माणूस हाताशी असेल आणि त्याचे काम गावाने तीसेक वर्षे वापरून पाहिले असेल, तर गाव त्याच्यावरच विश्वास टाकते.

आता जे आपण विचारले नाही, पण ज्याच्यावाचून दुसरे उत्तर अर्धे राहील, ते सांगतो. हे पूल छपराकडून फारसे कुजत नाहीत. छप्पर गळू लागले तर ते दिसते आणि लोक ओरड करतात. ते कुजतात टोकाकडून, जिथे खालची तुळई दगडी आधारावर टेकते. गाड्यांची चाके रस्त्यावरचा चिखल, खडी आणि हिवाळ्यातले मीठ पुलाच्या तोंडाशी आणून टाकतात, ते फळ्यांच्या फटींतून खाली गळते आणि तुळईच्या टोकाभोवती त्याचा ढीग साचतो. तो ढीग ओल धरून ठेवतो, वर पारव्यांची घाण पडते, आणि नेमक्या ज्या जागी सगळ्या पुलाचा भार एकवटलेला असतो तिथे लाकूड आतून पोकळ होत जाते.

एका नोव्हेंबरातली तपासणी मला चांगली आठवते. बाहेरून पूल देखणा होता, आदल्याच वर्षी तांबडा रंग दिलेला. मी आधाराच्या दगडावर पोटावर झोपून हाताने माती उकरत होतो. मातीत कोंबड्याच्या खुराड्यासारखा आंबूस वास होता, आणि चार बोटे खाली ती थंडगार ओली लागली, जरी तीन आठवड्यांत तिथे पाऊस झाला नव्हता. तुळईचे अंग मोकळे झाल्यावर मी मधल्या भागापासून हातोडीने ठोकत टोकाकडे सरकलो. निरोगी लाकूड ठोकल्यावर ठण्ण वाजते, आणि त्याचा झणका मनगटात जाणवतो. टोकापासून साधारण हातभर अंतरावर आवाज बसला. अणकुचीदार टोच्या लावला तर तो अंगठ्याच्या जोराने मुठीपर्यंत आत गेला, आणि बाहेर काढताना त्याच्याबरोबर तपकिरी भुगा आला, चौकोनी चौकोनी तुकड्यांचा, जळक्या कोळशासारखा. ओलावामापकाने पुलाच्या मध्यावर १४ टक्के दाखवले होते. इथे त्याने ३१ दाखवले. मग सायकलच्या आऱ्याएवढी बारीक सुई लाकडात फिरवत नेणारे यंत्र लावून, आत किती लाकूड शिल्लक आहे ते मोजले. बारा इंचांच्या तुळईत वरचे तीन इंच आणि बाहेरची एक कड एवढेच धड होते. वरून मोटारी जातच होत्या. त्याच दुपारी पूल बंद करवून घेतला.

कारण शोधताना जे सापडले त्याचा मला अजून राग येतो, म्हणून लिहितो. काही वर्षांपूर्वी स्थानिक रस्तेविभागाने पुलाकडे येणारा रस्ता खडी टाकून उंच केला होता. काम चांगल्या हेतूने केलेले होते, गाड्यांना बसणारा धक्का कमी व्हावा म्हणून. पण पूर्वी रस्ता पुलापासून बाहेरच्या बाजूला उतरता होता, तो आता पुलाकडे उतरता झाला, आणि शंभर फूट रस्त्याचे पावसाचे पाणी सरळ पुलाच्या तोंडात येऊ लागले. एका सुताराने एका शतकापूर्वी कौलांनी जे पाणी अडवले होते, ते आम्ही जमिनीवरून आत नेऊन सोडले. तिथे एक आडवी चारी आणि झाकणाची जाळी घालण्याचा खर्च पुढच्या दुरुस्तीच्या शंभराव्या हिश्शाएवढाही नव्हता.

दुरुस्तीचे काम कसे होते ते थोडक्यात सांगतो. पुलाखाली तात्पुरता आधार उभारून, जॅकने दिवसाला थोडे थोडे असे उचलत कैचीवरचा भार काढून घेतात. मग कुजलेला भाग कापून त्याच जातीचे, चांगले सुकलेले, गाभ्याचे नवे लाकूड जुन्याला लांब तिरप्या सांध्याने जोडतात. खालच्या तुळईत ताण असतो, म्हणून तिचा सांधा ओढ सोसणारा असावा लागतो, आणि तो बसवणे हे जुन्या पुलातले सर्वांत अवघड काम आहे. आधारावर तुळईखाली एक जाड लाकडी पाटा मुद्दाम वेगळा ठेवतात, तो कुजला तर बदलता यावा म्हणून. घाईने जॅक उचलणारे आणि ओले लाकूड स्वस्त मिळते म्हणून वापरणारे ठेकेदार मी पाहिले आहेत. ओले लाकूड दोन वर्षांत आकसते आणि ताजा सांधा कुलूप उघडावे तसा मोकळा होतो.

आता ब्रिजटन. बिग रॅकूनवरचा, गिरणीजवळच्या धबधब्यासमोरचा हा पूल डॅनियल्स यांनी १८६८ मध्ये बांधला होता, दोन गाळ्यांचा, सुमारे २४५ फूट. शेजारी काँक्रीटचा पूल झाल्यापासून त्यावरची वाहतूक थांबलेली होती. २८ एप्रिल २००५ रोजी कोणीतरी लावलेल्या आगीत तो गेला. त्याआधी २००२ मध्ये याच काउंटीतला जेफ्रीज फोर्ड पूलही असाच जाळला गेला होता. जे छप्पर लाकूड कोरडे ठेवते तेच आगीच्या बाबतीत घातक ठरते. शंभर वर्षे सुकलेले लाकूड, खालून वारा, वर धुराड्यासारखा बंदिस्त बोगदा. पेटल्यावर अशा पुलाला वाचवायला अग्निशामक दलाकडे काही मिनिटेच असतात. म्हणून आज अनेक ठिकाणी उष्णता ओळखणाऱ्या तारा, कॅमेरे आणि आग रोखणारा लेप यांचा उपयोग करतात. एकाकी रस्त्यावरच्या पुलाला मात्र शेजारच्या शेतकऱ्याच्या नजरेएवढे दुसरे संरक्षण नाही, हे मी प्रत्येक काउंटीला सांगत आलो आहे.

जेफ्रीज फोर्ड गेला तो गेलाच. ब्रिजटनकरांनी मात्र पैसा आणि श्रम उभे करून २००६ मध्ये त्याच जागी, त्याच घाटाचा पूल पुन्हा बांधला. याला ऐतिहासिक म्हणावे का? शब्दाचा काटेकोर अर्थ घेतला तर नाही. डॅनियल्स यांच्या हाताने तासलेले लाकूड गेले, त्यावरच्या हत्यारांच्या खुणा गेल्या, सव्वाशेहून अधिक वर्षांत कोरलेली नावे गेली, आणि ते नुकसान कोणत्याही वर्गणीने भरून येणारे नाही. ज्या अभ्यासकाला १८६८ चा सांधा पाहायचा आहे त्याच्यासाठी ब्रिजटन संपला आहे. म्हणूनच पूल उभा असताना त्याची बारीक मोजमापे घेऊन ठेवणे हे दुरुस्तीइतकेच निकडीचे काम मी मानतो. वेस्ट युनियनचे आराखडे हिस्टॉरिक अमेरिकन इंजिनिअरिंग रेकॉर्ड या जुन्या बांधकामांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी उपक्रमाने तपशीलवार करून ठेवले आहेत. तसे भाग्य फार थोड्या पुलांना लाभते.

तरीही मी ब्रिजटनच्या नव्या पुलाला नकली म्हणणार नाही, आणि त्याचे कारण भावनेचे नसून धंद्याचे आहे. तिथली कैची काम करते. भार खांबातून टेकूत, टेकूतून कमानीत आणि कमानीतून दगडात जातो, जसा १८६८ मध्ये जात होता. याउलट अमेरिकेत असे कितीतरी पूल आहेत ज्यांचे मूळ लाकूड जागच्या जागी आहे, पाटीवर मूळ साल आहे, परंतु पुलाच्या मार्गाखालून पोलादी तुळया घालून सगळी वाहतूक त्यांच्यावर सोपवलेली आहे, आणि दीडशे वर्षांची कैची आता फक्त स्वतःचे आणि छपराचे वजन धरून उभी आहे. भार काढून घेतलेल्या कैचीचे सांधे सैल होतात, कोणी त्यांच्याकडे बघेनासे होते, कारण ‘पूल तर पोलादावर आहे’. मग ती आतून कुजली तरी काही कोसळत नाही, म्हणून कुजतच राहते. काही ठिकाणी वाहतुकीची गरजच तशी असते आणि पोलाद घातले नसते तर पूल पाडला गेला असता, हे मला मान्य आहे. अशा निर्णयांवर मी स्वतःही सह्या केल्या आहेत. पण निवड करण्याची मुभा असेल तर मी नेहमी शेजारून नवा पूल काढून जुन्यावर पादचारी आणि हलकी वाहने ठेवण्याच्या बाजूने असतो. कैचीने रोज थोडा तरी भार उचलावा आणि कोणीतरी रोज तिच्यातून चालत जावे.

शेवटी, आपण पुन्हा जाणार आहात असे लिहिले आहे, म्हणून एक विनंती. उत्सवाच्या गर्दीत न जाता नोव्हेंबरच्या सुरुवातीला जावे. पाने गळलेली असतात आणि पुलाचे खालचे अंग काठावरून मोकळे दिसते. जॅक्सन पुलाच्या आत पायी जाऊन मध्यभागी उभे राहावे आणि एखादी मोटार येऊ द्यावी. कमानीवर तळहात ठेवला तर ती आल्याचे आधी हाताला कळते आणि मग कानाला. मग बाहेर येऊन पुलाच्या टोकाशी, तुळई दगडावर टेकते तिथे वाकून पाहावे. तिथे माती साचलेली दिसली, किंवा ऊन असूनही लाकडावर काळपट ओला डाग दिसला, तर एक छायाचित्र काढून त्यावर पुलाचे नाव आणि टोकाची दिशा लिहून काउंटीच्या महामार्ग विभागाला पाठवावे. फावडे घेऊन आलेला एक माणूस ते काम अर्ध्या तासात करतो, फक्त त्याला कुठे जायचे ते कळले पाहिजे.